प्रजेवरील विश्वास हेच संरक्षण : नामदार गोखले यांचा राज्यविचार

(शासकीय सेवेत नव्याने दाखल झालेल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात पणजी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर काही ठरावीक चित्रे उभी राहतात. फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक, न्यायमूर्ती रानडे यांचे पट्टशिष्य, भारत सेवक समाजाचे संस्थापक, नेमस्त पक्षाचे धुरीण, आणि महात्मा गांधींनी ज्यांना आपले राजकीय गुरू मानले ते सत्पुरुष. सैन्य, सरहद्द, राखीव दल, लष्करी खर्च या विषयांशी त्यांचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी कमिशनपुढे दिलेल्या साक्षीपासून १९१५ साली मृत्युशय्येवर लिहिलेल्या मसुद्यापर्यंत त्यांच्या सार्वजनिक जीवनात जो एक प्रश्न सातत्याने आढळतो, तो राष्ट्राच्या संरक्षणाचा आहे. हा प्रश्न त्यांनी नागरिकांच्या स्वातंत्र्यापासून आणि राज्यकारभाराच्या पद्धतीपासून कधीही वेगळा केला नाही. तिन्हींचा त्यांनी लावलेला मेळ आज आपल्यापुढे ठेवावा, एवढाच माझा हेतू आहे.

त्या विचाराचे सार प्रारंभीच सांगून टाकतो. जे सरकार आपल्या प्रजेवर विश्वास ठेवीत नाही, त्याला त्या अविश्वासाची किंमत मोजावी लागते. ती किंमत प्रथम पैशात मोजली जाते, मग माणसांच्या खच्चीकरणात मोजली जाते, आणि शेवटी संकटाच्या वेळी राष्ट्राच्या दुर्बलतेत तिचा हिशेब पुरा होतो. गोखल्यांनी हे सूत्र अशा शब्दांत कोठे मांडले असे मी म्हणत नाही. त्यांच्या भाषणांतून आणि कार्यातून मला ते हाती लागले आहे.

आकड्यांची शिस्त

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कोल्हापुराजवळच्या कागल संस्थानात नोकरीस होते. वडिलांच्या निधनानंतर थोरल्या बंधूंनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली व धाकट्या भावास शिकविले. १८८४ साली गोपाळराव मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि पुढल्याच वर्षापासून पुण्यात अध्यापन करू लागले. त्यांच्या विषयांत गणितही होते. रानड्यांच्या हाताखाली सरकारी अहवाल आणि जमाखर्चाची कोष्टके वाचण्याचे जे कठोर शिक्षण त्यांना मिळाले, त्याने त्यांच्या विचाराला एक वळण लावले. सरकार काय बोलते याहून ते पैसा कशावर खर्च करते, याकडे पाहण्याची त्यांना सवय जडली. सरकारचे खरे मन अर्थसंकल्पात दिसते, ही त्यांची दृष्टी होती.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शाही कमिशनपुढे ते साक्षीस उभे राहिले, तेव्हा त्यांनी नुकतीच तिशी गाठली होती. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रह्मण्य अय्यर हे त्यांचे सहसाक्षीदार होते. दादाभाई नौरोजी तर कमिशनचे सभासदच होते. हिंदी सैन्याचा आणि त्याच्या मोहिमांचा किती भार हिंदुस्थानच्या तिजोरीने सोसावा व किती इंग्लंडने उचलावा, हा त्या चौकशीतील कळीचा मुद्दा होता.

१९०२ साली गोखले मध्यवर्ती कायदेकौन्सिलात आले. त्या कौन्सिलाचे अधिकार किती तोकडे होते, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. सरकारी सभासदांचे बहुमत कायमचे ठरलेले होते. १८९२ च्या कायद्याने अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली होती, परंतु मत देण्याचा हक्क दिला नव्हता. एकाही रकमेतील एक पैसाही कमी करण्याची सत्ता ज्याच्या हाती नाही, अशा सभासदाला युक्तिवाद हे एकच साधन उरते. गोखल्यांनी ते साधन असे घासून-पुसून वापरले की, त्यांच्या भाषणाच्या दिवशी सरकारी बाजूसही तयारी करून यावे लागे.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांचे पहिले अर्थसंकल्पीय भाषण झाले. त्या वर्षी सरकारने सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती व ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून मिरविली जात होती. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळातून देश नुकता बाहेर पडत होता. प्लेगचा कहर चालूच होता. अशा देशात शिल्लक आली कोठून, असा साधा प्रश्न गोखल्यांनी विचारला आणि त्याचे उत्तरही स्वतःच दिले. रुपयाचा भाव घसरत असताना विलायतेला पैसा पाठविण्यासाठी जादा कर बसविले गेले होते. पुढे रुपयाची किंमत १६ पेन्सांवर स्थिर झाली व ती गरज ओसरली. कर मात्र तसेच राहिले. शिल्लक होती ती लोकांच्या सुबत्तेतून आलेली नव्हती, लोकांकडून गरजेहून अधिक घेतल्यामुळे आलेली होती. मिठावरील करास त्यांनी विशेष विरोध केला, कारण तो गरिबातल्या गरिबाच्या भाकरीवर पडत होता. दर मणास अडीच रुपये असलेला तो कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया झाला. मताचा अधिकार नसलेल्या सभासदाच्या सतत सांगण्याचा या घटीत मोठा वाटा होता.

सैन्य कोणासाठी?

कर कमी करा म्हणणाऱ्याला ‘खर्च कोठे कमी करावयाचा?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. गोखल्यांनी बोट ठेवले ते सर्वांत मोठ्या खर्चावर, म्हणजे लष्करावर. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. देशाला सैन्य नको किंवा सरहद्दीस धोका नाही, असे गोखले म्हणत नव्हते. संरक्षणाची आवश्यकता त्यांना पूर्णपणे मान्य होती. त्यांचा आक्षेप सैन्याच्या रचनेवर होता, आणि त्या रचनेमागील मनोवृत्तीवर होता.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी सैन्याची पुनर्घटना केली. दोन हिंदी शिपायांमागे साधारणतः एक गोरा शिपाई हे प्रमाण ठरले. तोफखाना, डोंगरी तोफखान्याचा अपवाद सोडता, गोऱ्यांच्या हाती राहिला. १८७८ च्या शस्त्रबंदीच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हिंदी माणसास गुन्हा ठरले, युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. १८८५ साली अफगाण सरहद्दीवर रशियाची भीती निर्माण झाली, तेव्हा सैन्यात १० हजार गोरे व २० हजार हिंदी शिपाई वाढविण्यात आले. ती भीती सरली, वाढविलेले सैन्य तसेच राहिले. सुभेदार-मेजर कितीही अनुभवी असला, तरी कालपरवा विलायतेहून आलेल्या पोरसवदा गोऱ्या अधिकाऱ्यापुढे त्याचा दर्जा खालचाच असे. सैन्यभरतीचे क्षेत्रही हळूहळू पंजाब व नेपाळ यांकडे सरकत गेले. मुंबई इलाख्यात पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेल्या महार समाजाला गेल्या शतकाच्या आधीच्या दशकात, म्हणजे १८९० नंतर, लष्कराचे दरवाजे बंद झाले.

या सर्व गोष्टी एका ओळीत मांडल्या की त्यांतील सूत्र स्पष्ट होते. एवढे मोठे सैन्य केवळ परचक्रासाठी नव्हते. ते स्वतःच्याच प्रजेवर नजर ठेवण्यासाठीही होते. एका शिपायावर लक्ष ठेवण्यासाठी दुसरा, अधिक महागडा शिपाई नेमावयाचा, आणि दोघांचाही पगार ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्या रयतेकडून वसूल करावयाचा, असा हा व्यवहार होता. त्यात भर म्हणजे चीनमध्ये वा आफ्रिकेत साम्राज्याला गरज पडली की हेच सैन्य तिकडे रवाना करता येत असे. दूर पाठविता येण्याइतके सैन्य जर वर्षानुवर्षे येथे शिलकीत असेल, तर ते हिंदुस्थानच्या गरजेहून अधिक आहे, आणि त्या अधिक सैन्याचा खर्च साम्राज्याने सोसला पाहिजे, हा गोखल्यांचा युक्तिवाद बिनतोड होता.

१९०४-०५ च्या युद्धात जपानने रशियाचा पराभव केला आणि या युक्तिवादाला नवे बळ चढले. जपानची पद्धत अशी होती की, कायम खडे सैन्य बेताचे ठेवावयाचे, परंतु प्रत्येक धडधाकट तरुणाला लष्करी शिक्षण देऊन घरी पाठवावयाचे व प्रसंग येताच बोलवावयाचे. त्यामुळे शांततेच्या काळात खर्च आटोक्यात राही आणि युद्धाच्या काळात सारे राष्ट्र उभे राही. हिंदुस्थानात याच्या नेमके उलटे होते. खडे सैन्य मोठे, त्याचा वार्षिक खर्च ३० कोटी रुपयांच्या घरात, आणि त्यामागचे राखीव दल अगदी नाममात्र. असे का? कारण राखीव दल म्हणजे शस्त्र चालविण्याचे शिक्षण घेऊन आपापल्या गावी राहणारे हजारो नागरिक. ज्या सरकारला त्यांची धास्ती वाटते, त्याला राखीव दल परवडत नाही. बारमाही पगारी फौजच बाळगावी लागते. रशियाचे बळ खचल्यावरही लॉर्ड किचनेर यांची सैन्याच्या फेररचनेची कोट्यवधी रुपयांची योजना रेटली जात होती. ती थांबवावी, अशी मागणी गोखल्यांनी १९०६ साली कौन्सिलात केली. तिजोरीचा प्रश्न तर त्यात होताच. परंतु त्यांना अधिक जाचत होती ती दुसरी गोष्ट. कोट्यवधी माणसांच्या देशात स्वतःच्या भूमीचे रक्षण करण्याचे कर्तव्य आणि त्याची प्रतिष्ठा, दोन्ही त्या देशाच्या माणसांपासून हिरावून घेतली गेली होती. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले तर समाजाचे पौरुष झिजते, आणि हे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविले जात नाही.

शाळेचा खर्च हाही संरक्षणाचाच खर्च

लष्करावरील खर्चातून वाचणारा पैसा कोठे घालावा, याविषयी गोखल्यांचे उत्तर निःसंदिग्ध होते : प्राथमिक शिक्षणावर. मार्च १९१० मध्ये त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि १६ मार्च १९११ रोजी त्यासंबंधीचे विधेयक सादर केले. विधेयक अत्यंत सावध होते. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांपुरती सक्ती, तीही जेथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण अगोदरच बऱ्यापैकी असेल तेथेच, आणि तीही स्थानिक संस्थेने मागितली व सरकारने मान्य केली तरच. दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकत असणाऱ्या पालकाकडून फी घ्यावयाची नव्हती. खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने व दोन तृतीयांश सरकारने उचलावा, अशी त्यांची अपेक्षा होती.

हिंदुस्थानात हे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांसमोर त्यांनी बडोद्याचे उदाहरण ठेवले. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला. एक देशी संस्थान आपल्या मर्यादित उत्पन्नात जे करू शकते, ते बलाढ्य साम्राज्याला का साधू नये, या प्रश्नाला सरकारी बाकांवरून समाधानकारक उत्तर आले नाही. मार्च १९१२ मध्ये विधेयक मतास पडले. बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ मते पडली. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासद तर होतेच, त्याबरोबर काही हिंदी जमीनदारही होते. शेतमजुराचे पोर शाळेत गेले तर शेतात कोण राबणार, ही त्यांची चिंता होती. म्हणजे अविश्वास केवळ परक्या सरकारचा होता असे नाही. आपल्याच समाजातील वरिष्ठ वर्गाचाही तो कनिष्ठांवर होता.

मी या विधेयकाला संरक्षणविचाराचा भाग समजतो, त्याचे कारण स्पष्ट करतो. जपानच्या विजयाची मीमांसा करताना त्या काळच्या जगाला दोन गोष्टी दिसल्या होत्या : सक्तीची लष्करी सेवा आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण. ज्याला आपल्या देशाचा नकाशा ठाऊक नाही, कायदा वाचता येत नाही, ज्याला राज्य म्हणजे केवळ करवसुली करणारा पाटील-तलाठी एवढेच माहीत आहे, तो कोणत्या भावनेने त्या राज्यासाठी प्राण वेचील? साक्षर नागरिक हा गोखल्यांच्या मते राज्याचा पाया होता, आणि पायाच कच्चा असेल तर तटबंदीवर कितीही पैसा ओतला तरी ती टिकत नाही. पराभूत झालेल्या त्या विधेयकातील तत्त्व घटनादुरुस्तीने २००२ साली आणि प्रत्यक्ष कायद्याने १ एप्रिल २०१० पासून अमलात आले. मध्ये ९८ वर्षे गेली.

मतस्वातंत्र्य : त्यांचा आग्रह आणि त्यांची चूक

आता नागरी स्वातंत्र्याकडे वळू. १९०३ साली लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने सरकारी गुपितांसंबंधीच्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. लष्करी व आरमारी गुपितांना जे कडक संरक्षण होते, तेच मुलकी कारभारातील बाबींनाही द्यावे, असा त्याचा रोख होता. गोखल्यांनी त्यास कसून विरोध केला. तटबंदीचा नकाशा शत्रूला विकणे आणि एखाद्या खात्यातील गैरकारभार वृत्तपत्रात छापणे, या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता. ज्या देशात लोकांचे प्रतिनिधी सरकारला जाब विचारू शकत नाहीत, तेथे वृत्तपत्र हाच एक पहारेकरी असतो. त्याचे तोंड बांधले तर नुकसान सरकारचेच होते, कारण त्याला सत्य कळण्याची वाटच बंद होते. विधेयकातील काही जाचक कलमे सौम्य झाली आणि ते १९०४ साली संमत झाले.

१९०७ साली राजद्रोही सभाबंदीचे विधेयक आले. जाहीर केलेल्या क्षेत्रात वीसांहून अधिक माणसे जमली तर ती सार्वजनिक सभा समजली जावी, अशी त्यात तरतूद होती. घरगुती समारंभालाही आपल्याकडे वीसांहून अधिक माणसे जमतात! सरकारने थोड्या लोकांच्या अपराधासाठी साऱ्या समाजावर संशय घेतला, तर जे आज सरकारचे शत्रू नाहीत तेही उद्या होतील, असा इशारा गोखल्यांनी व डॉ. रासबिहारी घोष यांनी दिला. विधेयक अर्थातच संमत झाले.

परंतु येथेच मला एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. १९१० साली वृत्तपत्रांकडून जामीन मागण्याचा व तो जप्त करण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा आला, तेव्हा गोखल्यांनी त्यास विरोध केला नाही. देशात राजकीय खून होऊ लागले होते, मोर्ले-मिंटो सुधारणा नुकत्याच अमलात आल्या होत्या, आणि त्या धोक्यात येऊ नयेत असे त्यांना वाटत होते. काही मर्यादा सुचवून त्यांनी नाइलाजाने संमती दिली. या संमतीबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली, आणि ती अस्थानी होती असे मला म्हणवत नाही. लोकमान्य टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते. वृत्तपत्रीय लेखांसाठीच त्यांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली होती. पुढे त्या वृत्तपत्र कायद्याचा उपयोग हिंसेचा पुरस्कार न करणाऱ्या अनेक पत्रांविरुद्धही झाला आणि १९२२ साली तो रद्द करावा लागला. ज्या पुरुषाने १९०३ आणि १९०७ साली अविश्वासाचे दुष्परिणाम इतक्या स्पष्टपणे दाखविले, त्यालाही भीतीच्या वातावरणात आपलेच तत्त्व क्षणभर बाजूस ठेवावेसे वाटले. यात मला त्यांची निंदा करावयाची नाही. भय उत्पन्न झाल्यावर विचारी माणूसही सरकारला हवे ते अधिकार देऊन बसतो, आणि दिलेले अधिकार परत घेण्यास वर्षे लागतात, हा धडा मात्र आपण घेतला पाहिजे.

जबाबदारी टाकल्यावाचून जबाबदारी येत नाही

राज्यकारभाराविषयीचे गोखल्यांचे मत याच विचारातून आले होते. सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा विचार करणाऱ्या शाही कमिशनपुढे १९०८ साली त्यांनी साक्ष दिली. खालच्या पायरीवर ग्रामपंचायती, मधल्या पायरीवर जिल्हाधिकाऱ्याला सल्ला देणारी जिल्हा मंडळे आणि वर सुधारलेली कायदेमंडळे, अशी तीन पायऱ्यांची रचना त्यांनी सुचविली. लोक अद्याप लायक नाहीत, हा नोकरशाहीचा आवडता मुद्दा होता. पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही, हे कोकणातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. गोखल्यांनी पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले होते. गटारे, पाणीपुरवठा आणि कराची थकबाकी यांच्याशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आलेला होता. लोकांच्या उणिवा त्यांना ठाऊक होत्या. त्यासाठीच १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली व सुशिक्षित तरुणांना अल्प वेतनावर देशकार्यास वाहून घेण्यास सांगितले. लोकांना लायक करण्याचे काम लोकांनी स्वतः करावे आणि सरकारने त्यांच्यावर भार टाकीत जावे, अशी ही दुहेरी वाट होती.

फेब्रुवारी १९१५ मध्ये, प्रकृती ढासळली असताना, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या विनंतीवरून त्यांनी भावी सुधारणांचा एक छोटा मसुदा तयार केला. प्रांतिक स्वायत्तता हा त्याचा मुख्य विषय होता. परंतु त्या थोडक्या मजकुरातही, हिंदी लोकांना लष्करात व आरमारात अधिकारपदे मिळावीत आणि त्यासाठी शिक्षणाची योग्य सोय व्हावी, ही मागणी त्यांनी आवर्जून घातली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. वय ४९ वर्षेही पुरे नव्हते. मसुदा १९१७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, सुमारे दहा लाख हिंदी सैनिक समुद्रापार लढण्यास पाठवावे लागलेल्या महायुद्धाच्या काळात, हिंदी लोकांना प्रथमच बादशाही सनदेची अधिकारपदे मिळाली. डेहराडूनची लष्करी प्रबोधिनी त्यानंतर १९३२ साली निघाली. संकटाने गळा धरल्यावर सरकारला जे सुचले, ते गोखले पंधरा-वीस वर्षे आधीपासून विनाशुल्क सांगत होते.

गोमंतकाचा अनुभव

हे सारे ब्रिटिश हिंदुस्थानचे झाले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे येथे बसलेल्या एखाद्यास वाटेल. गोमंतकाने तर हाच धडा अधिक कडवटपणे गिरवलेला आहे. सालाझारच्या राजवटीत येथे वृत्तपत्रांवर पूर्वपरीक्षण होते, सभेवर बंदी होती. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. राममनोहर लोहिया यांनी ती बंदी मोडली, तेव्हा माणसे जमली व मनातले बोलली एवढ्यानेच एक राजवट हादरली. त्या राजवटीने फौज वाढविली, तुरुंग भरले, लोकांना मात्र जवळ केले नाही. डिसेंबर १९६१ मध्ये शेवटपर्यंत लढण्याचा हुकूम लिस्बनहून आला. परंतु दोन दिवसांच्या आत, १९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. भारतीय सैन्याचे बळ कितीतरी पट अधिक होते, हे त्याचे उघड कारण आहे. पण १५१० पासून चालत आलेल्या त्या सत्तेसाठी रस्त्यावर उतरावे, असे सामान्य गोमंतकीयाला वाटले नाही, हेही तितकेच खरे. साडेचार शतके ज्याला प्रजा म्हणून वागविले, तो निर्वाणीच्या क्षणी नागरिक म्हणून पाठीशी कसा उभा राहणार?

मित्रहो, आज राज्य आपले आहे, सैन्य आपले आहे, त्याचे सेनापतीही आपलेच आहेत. गोखल्यांच्या अनेक मागण्या पुऱ्या झाल्या. इंग्रजी राज्याशी असलेला संबंध ईश्वरी योजनेने जुळून आला आहे, ही त्यांची समजूत काळाने पुसून टाकली. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न अद्याप आपल्या टेबलावर आहे, कारण अविश्वास ही केवळ परकीय सत्तेची मिरास नाही. फाइलीवर ‘गोपनीय’ असा शेरा मारताना आपण राष्ट्राचे गुपित राखतो आहोत की आपल्या खात्याची चूक झाकतो आहोत, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला. १९२३ चा गुपितांचा कायदाही अद्याप आहेच. या दोहोंपैकी कोणत्या कायद्याकडे आपला हात सहज जातो, यावरून आपण कोणत्या परंपरेचे अधिकारी आहोत ते ठरेल. सभेची परवानगी मागावयास आलेला माणूस, ग्रामसभेत उभा राहून हिशेब विचारणारा शेतकरी, शाळेला छप्पर नाही म्हणून दहा वेळा अर्ज करणारी आई, ही आपल्या कामात अडथळा आणणारी माणसे नव्हेत. उद्या सरहद्दीवर प्रसंग आला, तर ज्यांच्या मुलांनी तेथे उभे राहावयाचे, ती हीच माणसे आहेत. त्यांना आज आपल्या कचेरीत मिळालेली वागणूक, हाही देशाच्या संरक्षणाच्या तयारीचाच एक भाग आहे.